माझ्या अक्षरातला समझोता

नवऱ्यानं बायकोला मारलं, चार माणसं बसली, स्टॅम्प पेपर आणला आणि समझोता झाला, हे तुम्ही ऐकलं असेल. कदाचित त्या चार माणसांत तुम्हीही बसला असाल. त्या कागदावर नवऱ्याकडून काय लिहून घेतात हे सगळ्यांना माहीत असतं. बायकोकडून काय लिहून घेतात, ते तुम्ही कधी वाचलं आहे का?

मी ते नुसतं वाचलेलं नाही. लिहिलेलं आहे. दोनदा.

आमचं घर पत्रकांचं. आई-वडील दोघंही चळवळीतले, त्यामुळे उचगावातल्या आमच्या दोन खोल्यांत कायम छापून आलेले गठ्ठे पडलेले असायचे. पाणीपट्टी, किमान वेतन, रेशन, दारूचं दुकान हटवा. बाकीच्या पोरी तक्त्यावरून वाचायला शिकल्या, मी 'कामगार बंधू-भगिनींनो'वरून शिकले. पाचवीत असताना वडिलांच्या एका पत्रकातलं वाक्य खोडून मी दुसरं सुचवलं आणि ते तसंच छापलं गेलं. तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलं की वाक्य नीट लिहिलं की समोरच्याला ऐकावंच लागतं. पुढं गल्लीतले सगळे अर्ज माझ्याकडं यायला लागले. विजेचा मीटर, शाळेचा दाखला, गटार तुंबल्याची तक्रार. अक्षर चांगलं आणि भाषा ठसक्याची, म्हणून माझा भाव वाढला आणि माझा तो समज आणखी पक्का झाला. त्याचा फटका मला बसला असता तर काही नव्हतं. तो बसला शेजारच्या वहिनीला.

वहिनीचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून. माहेर कबनूरचं, वडिलांची सगळी हयात यंत्रमागावर गेलेली. नवरा फाउंड्रीत कामाला. त्याला मी लहानपणापासून दादा म्हणते. वहिनी घरी ब्लाउज शिवायची. एक मुलगी. मार पडतो हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, आम्हाला तर भिंतीतून ऐकू यायचं. आई दोनदा जाऊन दादाला झापून आली. तिसऱ्यांदा निघाली तर दुसऱ्या दिवशी वहिनीच म्हणाली, "काकू, तुमी येऊन गेलासा की माघारी दुप्पट बसतंय. नका येऊ."

मग एकदा तिचं उजवं मनगट मोडलं. सरकारी दवाखान्यात प्लॅस्टर घालून वहिनी, आई आणि मी पोलीस ठाण्यात गेलो. हवालदारानं अदखलपात्र नोंद केली, म्हणजे पोलीस स्वतःहून तपास करणार नाहीत अशी, कागद हातात दिला आणि म्हणाला, "ताई, नवराबायकोचं हाय. घरात बसून मिटवा. न्हाईच मिटलं तर या." मोडलेलं हाड समोर टेबलावर ठेवलेलं होतं आणि हा माणूस म्हणतोय, मिटवा. कौटुंबिक हिंसाचाराचा वेगळा कायदा आहे, त्यात संरक्षण अधिकारी असतो, त्याच्याकडं जाण्याचा तुमचा हक्क आहे, हे त्यानं तिला तिथंच सांगायला हवं होतं. तसं कायद्यात लिहिलंय. त्यानं सांगितलं नाही. आणि खरं सांगायचं तर आम्हालाही ते नीट माहीत नव्हतं. पत्रकांच्या ढिगात वाढलेल्या मला 'अन्याय' आणि 'शोषण' पाठ होतं, पण या कायद्याचं एक पानही मी उलटलेलं नव्हतं.

रविवारी सकाळी दादाच्या घरी बैठक बसली. दादाचा चुलता, भावकीत ज्याचा शब्द चालतो असा माणूस, खुर्चीत बसलेला. वहिनीचे वडील सतरंजीवर. वहिनी आतल्या दारात उभी.

"पावणं, चहा घ्या," चुलता म्हणाला. "माणूस हाय, चुकतंय. आपुन लिवून घिऊया आन् विषय संपवूया."

"लिवून घ्या म्हंजे झालं," वहिनीचे वडील म्हणाले. "पोरीला परत हात लागाय नको. माजं दुसरं काय म्हणणं न्हाय."

"मग लिवणारीण शेजारीच हाय की. बोलवा त्या पत्रकवालीला."

मला बोलावलं तेव्हा मला राग यायला हवा होता. मला आनंद झाला. मला वाटलं, आता बघा कसा बांधून टाकते ह्याला.

मी सुरुवात केली: 'मी माझ्या पत्नीला मारहाण केली.' चुलत्यानं कागदात डोकावून बोट ठेवलं. "ए बाय, मारहाण कशाला लिवतीस? कोर्टात जायचं हाय का आपल्याला? 'किरकोळ वाद' लिव."

"काका, हाड मोडलंय."

"अगं शब्दानं काय हुतंय? मुद्दा काय, हितनं पुढं मारणार न्हाय. त्यो लिव की दणकून. तुझं मोर्च्यातलं मराठी वापर."

सगळे हसले. मीही हसले. आणि 'किरकोळ वाद' लिहिलं. खाली लिहिलं: 'यापुढे मी पत्नीशी सन्मानाने वागेन व तिच्यावर कधीही हात उचलणार नाही.' त्यातला 'सन्मानाने' माझा. त्या शब्दाचा मला इतका अभिमान वाटला की मी तो मोठ्यानं वाचून दाखवला.

"झ्याक," चुलता म्हणाला. "आता तिच्याबी दोन वळी."

"तिच्या कशाला?"

"एकतर्फी कागद असतोय व्हय कुठं?"

मग मी लिहिलं: 'माझी पती व सासरच्या कोणाहीविरुद्ध कसलीही तक्रार राहिलेली नाही. पूर्वी दिलेली तक्रार गैरसमजातून दिली होती. हे मी राजीखुशीने, अक्कलहुशारीने व कोणाच्याही दबावाशिवाय लिहून देत आहे.' तहसीलबाहेर टेबल टाकून बसणारे लिहितात तशी ही ठरलेली वाक्यं. मला ती बिनमहत्त्वाची वाटली. महत्त्वाचं ते वर लिहून झालं होतं ना! वहिनीनं डाव्या हातानं सही केली, कारण उजवा प्लॅस्टरमध्ये होता. कोणाच्याही दबावाशिवाय. साक्षीदार म्हणून एक सही चुलत्यानं केली, दुसरी मी.

नंतर जेवण. मटण दादानं सकाळी आठलाच आणून ठेवलं होतं. म्हणजे बैठक बसण्याआधीच समझोता झालेला होता, फक्त वहिनीला विचारायचं राहिलं होतं. आणि तेवढं शेवटपर्यंत राहिलंच. ती डाव्या हातानं सगळ्यांना पांढरा रस्सा वाढत होती. मी दोन वाट्या प्यायले.

सात-आठ महिन्यांनी पुन्हा मारलं. या वेळी कानावर. पुन्हा बैठक, पुन्हा स्टॅम्प पेपर, पुन्हा मी. पहिला कागद का चालला नाही, तर तो मवाळ होता, असा निष्कर्ष मी काढला होता! म्हणून या वेळी अटींवर अटी घातल्या. दारू पिणार नाही, शिव्या देणार नाही, हात उचलल्यास पत्नी सांगेल ती शिक्षा मान्य राहील. चुलता खुर्चीत मागं रेलून म्हणाला, "लिव, लिव. फाशी म्हणून लिव की." त्याला पक्कं ठाऊक होतं, मलाच ठाऊक नव्हतं: घरात लिहिलेला कागद मोडला म्हणून कुणी कुणाला उचलून नेत नाही. आणि वहिनीच्या वाट्याच्या त्या ओळी? त्या मी पहिल्या कागदावरून जशाच्या तशा उतरवून काढल्या. विचार करायचीसुद्धा तसदी घेतली नाही.

वहिनीनं दोन्ही कागद प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये रेशनकार्डाबरोबर जपून ठेवले. एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली, "तुजा कागद हाय म्हणून मी जरा बिनघोर हाय बघ." 

तिसऱ्या वेळी बैठक झालीच नाही. भर दुपारी दादानं तिला बाहेर काढलं, दाराला कुलूप लावलं आणि स्वतः चुलत्याकडं राहायला गेला. मुलगी शाळेतून आली तेव्हा वहिनी कट्ट्यावर बसलेली. दोघी कबनूरला गेल्या. तिथं एक खोली आणि दिवसभर मागांचा खडखडाट. मुलगी दहावीला, शाळा इकडं, दोन बस बदलून ये-जा. मी भेटायला गेले तर वहिनीच्या वडिलांनी आधी मलाच विचारलं, "आता कागद करायचा का परत?" वहिनी मध्येच म्हणाली, "कागद नको. मला माज्या घरात जायाचं हाय. मार न खाता. बास."

हे एवढंच तिचं मागणं होतं. त्यात कुठलं मोठं तत्त्वज्ञान नाही.

मग मी तो कायदा वाचला, जो आधी वाचायला हवा होता. आणि वाचताना माझा संताप वाढत गेला, कारण तो चांगला आहे! घर कुणाच्याही नावावर असो, तिला त्यात राहायचा हक्क आहे. न्यायाधीश त्याला मारायला मनाई करणारा आदेश देऊ शकतात, आणि तो आदेश मोडला तर तो गुन्हा आहे, तुरुंग आहे. माझ्या दोन कागदांत जे नव्हतं ते सगळं त्यात होतं. फक्त तो कायदा माणसाच्या हातात पडायला हवा.

संरक्षण अधिकारी भेटायला आम्हाला चार हेलपाटे लागले. पहिल्या दिवशी, साहेब गगनबावड्याला गेलेत. दुसऱ्या दिवशी, मीटिंग आहे. तिसऱ्या दिवशी साहेब होते पण छापील फॉर्म संपले होते. मी क्लार्कवर ओरडले. तो शांतपणे म्हणाला, "ताई, वरडून काय उपेग? साहेबांच्याकडं दोन तालुकं, वर आणि तीन योजना. गाडी न्हाय, शिपाई न्हाय. तुमीच सांगा काय करायचं त्यांनी." चौथ्या दिवशी साहेब भेटले. दमलेला, भला माणूस. वहिनीला बसवलं, सगळं सावकाश विचारलं, घटनेचा अहवाल स्वतः लिहिला. इतक्या वर्षांत तिला पहिल्यांदा कुणीतरी विचारलं होतं की नेमकं काय झालं. आणि या माणसाच्या या कामाला सरकार अतिरिक्त कार्यभार म्हणतं. मारल्या जाणाऱ्या बायका हा या राज्यात कुणाचातरी अतिरिक्त कार्यभार आहे.

"काही पुरावा?" साहेबांनी विचारलं.

वहिनीनं फाइल उघडली. दवाखान्याचे कागद एका बाजूला सारून माझे दोन स्टॅम्प पेपर दोन्ही हातांनी पुढं केले. "हे बघा सायेब. सगळं लिवलेलं हाय."

त्यांनी वाचले, चष्मा काढला आणि म्हणाले, "हे आधी वकिलांना दाखवा."

मोफत कायदा मदतीतून मिळालेल्या वकीलबाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. दोन्ही कागद त्यांनी टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. "नवऱ्यानं मारलं असं यात कुठंच नाही. किरकोळ वाद म्हटलंय. तुमची तक्रार नाही, गैरसमज होता, असं मात्र दोनदा आहे, तेही राजीखुशीनं. समोरच्या वकिलाला काही करायचंच नाही, नुसतं वाचून दाखवायचं. अक्षर सुंदर आहे. कुणी लिहिलं?"

वहिनीनं कौतुकानं माझ्याकडं बोट केलं. "हिनं. लई शिकलीया."

अर्ज दाखल झाला. कायदा म्हणतो, पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांत. कायदा म्हणतो, साठ दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा. 'साधारणपणे' आणि 'प्रयत्न' या दोन शब्दांच्या फटीतून आमचे कित्येक महिने गळून गेले. दादाला नोटीसच लागू होईना. पोलिसांचा शेरा आला: सदर घरास कुलूप, गैरअर्जदार मिळून आले नाहीत. कुलूप! अहो, त्या कुलपाचीच तर तक्रार होती. त्यानं कुलूप लावलं म्हणून ती कोर्टात आली आणि कुलूप आहे म्हणून कोर्ट पुढं सरकेना. त्याच दिवशी दादा कोपऱ्यावरच्या टपरीत चहा पीत बसला होता. मी ठाण्यात फोन करून सांगितलं तर उत्तर आलं, "ताई, कागदावर जो पत्ता असतोय तिथंच आमी जातो." पुढची तारीख. मग वकीलबाईंनी फाउंड्रीचा पत्ता दिला, तेव्हा कुठं कामावर नोटीस बजावली गेली. तोवर न्यायाधीश बदलले. पुढची तारीख.

अखेर सुनावणीच्या दिवशी समोरच्या वकिलानं उभं राहून माझं वाक्य वाचलं. 'कोणाच्याही दबावाशिवाय लिहून देत आहे.' चांगलं वाचलं, योग्य जागी थांबून. मी लिहिलेलं इतक्या परिणामकारकपणे कुणी कधी वाचलं नसेल.

मी शपथेवर सांगितलं की कागद मी लिहिला, वहिनी त्या बैठकीत एक शब्द बोललेली नाही. त्यावर त्यानं हसून विचारलं, "म्हणजे खोटं तुम्ही तेव्हा लिहिलंत, की आज सांगताय?"

"तेव्हा लिहिलं," मी म्हणाले. भरल्या कोर्टात, सगळ्यांसमोर. दुसरं काही म्हणता आलं नसतं.

माझ्या शपथेपेक्षा उपयोगी पडली ती पहिल्या कागदावरची वहिनीची वाकडीतिकडी सही. वकीलबाईंनी ती दाखवली, तिच्या नेहमीच्या सहीशेजारी ठेवली आणि त्याच आठवड्यातला दवाखान्याचा केसपेपर पुढं केला: उजवं मनगट, अस्थिभंग, प्लॅस्टर. "हा किरकोळ वाद," त्या एवढंच म्हणाल्या आणि खाली बसल्या.

अंतरिम आदेश झाला. दादानं घराची किल्ली द्यावी, तिच्या राहण्यात अडथळा आणू नये, तिला कोणत्याही प्रकारे मारहाण करू नये. तोवर मुलीची दहावीची परीक्षा कबनूरच्या त्या खडखडाटात देऊन झालेली होती. ते वर्ष तिला कुठला आदेश परत देणार?

पोलिसाला बरोबर घेऊन वहिनी घरात शिरली. गल्ली दारात उभी. तेवढ्यात चुलता आलाच. चिडलेला नव्हता, उलट समजूतदारपणे म्हणाला, "झालं न्हवं मनासारकं? मग आता बसूया, एक कागद करूया. पोलीस दारात म्हंजे शोभा हाय व्हय?" आणि माझ्याकडं वळून, "पोरी, आण पेन."

मी तोंड उघडणार इतक्यात वहिनी बोलली. बैठकीत कधीही न बोललेली वहिनी.

"मामा," ती चुलतसासऱ्याला म्हणाली, "कागद झालाय. कोर्टाचा."

"त्यो परक्याचा गं. घरातला नको का एक?"

"घरातलं दोन हाईत की. दोन्हीवर माजी सही हाय. ह्याच्यावर माजी सही न्हाय, म्हणून तर ह्यो चालतोय."

चुलता पोलिसाकडं बघत राहिला. पोलीस आदेशाच्या प्रतीकडं बघत राहिला. वहिनी आत गेली आणि खिडक्या उघडायला लागली. मी मागोमाग गेले. तीच म्हणाली, "तू वाईट वाटून घिऊ नको. पर परत कुणाचं असलं लिवू नको."

प्रकरण संपलेलं नाही. मूळ अर्जाचा निकाल अजून बाकी आहे, तारखा चालू आहेत. दादा अधूनमधून गल्लीच्या तोंडाशी येऊन उभा राहतो आणि परत जातो. आत येत नाही, कारण आत आला तर काय होतं हे त्याला आता माहीत आहे. आजवर कुणाच्या सांगण्यानं, कुणाच्या आणाभाकांनी जे झालं नाही, ते दोन पानी आदेशानं केलं. मग हा आदेश मिळायला तिला इतकं का फिरावं लागलं, याचं उत्तर मला कुणीतरी द्यावं. कायद्यात मुदत लिहिलीय, तर ती 'प्रयत्न' म्हणून का लिहिलीय? नोटीस कुलपाला बघून परत का येते? आणि भावकीच्या सतरंजीवर बाईकडून घेतलेली सही, अधिकाऱ्यानं तिला एकटीला भेटून खात्री केल्याशिवाय, तिच्याविरुद्ध कोर्टात वाचूच का दिली जाते? हे बदलायला क्रांती लागत नाही. कायद्यात चार ओळी लागतात आणि तालुक्याला एक पूर्णवेळ माणूस.

म्हणून तुम्हाला एक काम सांगते. या आठवड्यात तुमच्या तालुक्याच्या ठिकाणी जा आणि संरक्षण अधिकारी कोण, ते आठवड्यातले किती दिवस तिथं बसतात, त्यांच्याकडं आणखी किती तालुके आहेत, हे लेखी विचारा. मिळेल ते उत्तर जोडून तुमच्या आमदाराला अर्ज करा की आम्हाला पूर्णवेळ अधिकारी हवा आणि कायद्यातली मुदत बंधनकारक हवी. दोन्हीकडं पोच घ्या. पोच मिळाल्याशिवाय तिथून हलू नका.